अनामिकाची तबकडी

कवितेचा उगम कवीच्या जीवनात शोधावा, हे तत्त्व मराठी टीकेत इतके रूढ झाले आहे की, ते तपासून पाहण्याची आवश्यकता सहसा कोणास वाटत नाही. तथापि या तत्त्वाचा अवलंब सर्व कवींच्या बाबतीत सारख्या रीतीने होत नाही. सुस्थितीत वाढलेल्या कवीची कविता आधी वाचली जाते आणि त्याच्या चरित्राची विचारपूस मागाहून होते. ज्याचे बालपण हालअपेष्टांत गेले त्याचे चरित्र मात्र आधी सांगितले जाते, आणि कविता त्या चरित्राला जोडलेला दाखला म्हणून पुढे ठेवली जाते. लिहिणाऱ्या कवीपेक्षा गाणाऱ्या वा बोलणाऱ्या कवीच्या वाट्याला हा अन्याय अधिक येतो. त्याची रचना कागदावर थांबत नाही. आणि जे हाती लागत नाही त्याच्याविषयी बोलण्यापेक्षा जे सहज सांगता येते ते सांगणे टीकाकाराला सोपे जाते.

याचे उदाहरण छत्तीसगढात शोधावयास फार दूर जावे लागत नाही. रायपूरच्या पुरानी बस्तीत, महामायेचे देऊळ आणि दूधाधारी मठ यांच्या आसपासच्या जुन्या गल्ल्यांत वाढलेल्या माणसाला पंडवाणी ही परकी वस्तू नाही. भोसल्यांच्या अमदानीपासून या प्रदेशात मराठी माणसे येऊन राहिली. अशा घरात एकीकडे ज्ञानेश्वरीची ओवी कानावर पडावी आणि दुसरीकडे छत्तीसगढीतले महाभारत तंबुऱ्याच्या साथीने ऐकू यावे, यात नवल नाही. या श्रोत्याजवळ उच्चारित पद्य मोजण्याची दोन मापे आपोआप येतात. असे असूनही पंडवाणीची श्रेष्ठ गायिका तीजनबाई यांच्याविषयी जे लिहिले जाते त्यात ही मापे क्वचितच वापरली जातात. १९५६ साली पारधी समाजात झालेला जन्म, बाराव्या वर्षी झालेले लग्न, स्त्रीने उभे राहून पंडवाणी गावी हे समाजाला न रुचल्यामुळे झालेला बहिष्कार, एकट्याने झोपडीत काढलेले दिवस, तेराव्या वर्षी चंद्रखुरी गावात झालेला पहिला कार्यक्रम, पुढे हबीब तन्वीर यांची पडलेली दृष्टी आणि अखेर २०१९ सालचे पद्मविभूषण, हा क्रम आता जवळजवळ पोथीसारखा पाठ झाला आहे. तो खरा आहे आणि सांगण्याजोगाही आहे. परंतु बसून, संहितेला धरून गाण्याची वेदमती शैली सोडून त्यांनी उभ्याने, प्रसंग रंगवीत गाण्याची कापालिक शैली स्वीकारली, तेव्हा पद्याच्या लयीचे काय झाले? गद्य कथनातून गायनात आणि गायनातून पुन्हा संवादात त्या ज्या वेगाने शिरतात, त्या वेगाचा नियम कोणता? रागी जो हुंकार देतो, मध्येच जो प्रश्न करतो, त्याने ओळ तुटते की सांधली जाते? या प्रश्नांपाशी लेखणी थांबत नाही. बहिष्काराची हकीकत ऐकून श्रोता आधीच द्रवलेला असतो, आणि द्रवलेल्या श्रोत्याला मात्रा मोजण्याचे कारण उरत नाही.

हाच प्रश्न अधिक अडचणीच्या रूपात पुढे ठेवणारी एक तबकडी न्यूयॉर्क शहरात १९८३ साली निघाली. पंडवाणीचा आणि तिचा कोणताही ऐतिहासिक संबंध नाही. परंतु चरित्र आणि उच्चारित काव्य यांचे नाते तपासण्यास ती विलक्षण सोयीची आहे, कारण तिच्या प्रमुख कवीने आपले चरित्र टीकाकाराच्या हाती लागू दिलेले नाही. तबकडीचे नाव ‘बीट बॉप’. बारा इंची, एका बाजूस सुमारे दहा मिनिटांचे एकच पद्य, आणि दुसऱ्या बाजूस तेच वादन शब्दांवाचून. पद्य म्हणणारे दोघे: रॅमेल्झी आणि के-रॉब. निर्माता आणि वेष्टनाचा चित्रकार जाँ-मिशेल बास्किया. ‘टारटाउन’ या नावाने बास्कियाने ती स्वतःच काढली आणि पहिल्या खेपेस तिच्या सुमारे पाचशेच प्रती निघाल्या. पुढे ‘प्रोफाइल’ या ध्वनिमुद्रण संस्थेने ती पुन्हा प्रसिद्ध केली, आणि टोनी सिल्व्हर व हेन्री चॅल्फंट यांच्या ‘स्टाइल वॉर्स’ या भित्तिलेखनावरील माहितीपटात ती ऐकू आली. तरीसुद्धा रॅमेल्झी हे नाव दीर्घकाळ थोड्या जाणकारांच्या वर्तुळातच राहिले.

रॅप हा काव्यप्रकार मराठी वाचकाला आता केवळ ऐकून तरी माहीत आहे. ठेक्यावर म्हटलेले सयमक भाषण, एवढी त्याची ढोबळ व्याख्या करता येईल. त्याचा आरंभ न्यूयॉर्कमधील ब्राँक्स या भागात, ११ ऑगस्ट १९७३ रोजी कूल हर्क याने वाजविलेल्या तबकड्यांच्या एका घरगुती समारंभापासून मानण्याची रूढी आहे. मोठ्या रस्त्याने मधोमध चिरलेली वस्ती, जळून गेलेल्या इमारती, कामधंद्याविना हिंडणारी मुले, ही त्याची पार्श्वभूमी पुष्कळदा वर्णिली गेली आहे. येथे ती विस्ताराने सांगण्याचे प्रयोजन नाही. किंबहुना ती फार वेळा सांगितली गेल्यामुळेच पद्याकडे दुर्लक्ष झाले.

पद्याच्या अंगाने पाहता रॅपची ओळ चार आघातांवर उभी असते. दोन आघातांमध्ये किती अक्षरे यावीत याला बंधन नाही. कधी दोन येतील, कधी सहा कोंबली जातील, परंतु आघात आपल्या जागी पडलाच पाहिजे. मराठीत आघाताला वृत्तनियामक स्थान नाही. म्हणून माधव जूलियनांच्या ‘छंदोरचने’त या रचनेसाठी तयार घर मिळणार नाही. असे असले तरी मराठी कान तिला सर्वस्वी परका नाही. ओवीतही अक्षरसंख्या सैल असते. तीन चरण यमकाने बांधले जातात, चौथा अपुरा सोडला जातो, आणि म्हणणारा ऱ्हस्वदीर्घाची ओढाताण करून तो भरून काढतो. बंधन संख्येचे नसून म्हणण्याचे आहे. ‘बीट बॉप’ ऐकताना ही ओवीची आठवण उपयोगी पडते. रॅमेल्झी आघातापूर्वी शब्द रेटतो, कधी आघात ओलांडून पुढे जातो आणि यमकापाशी परत येऊन हिशेब चुकता करतो. त्या काळच्या इतर ध्वनिमुद्रणांत आघात आणि शब्द बहुधा हातात हात घालून चालतात. येथे ते भांडतात.

वादनाची जात वेगळीच आहे. ठेका संथ आहे, जवळजवळ आळसावलेला. बास्कियाचा जुना सोबती अल डियाझ याचे तालवादन, आणि एस्टर बालिंट या हंगेरीत जन्मलेल्या, पुढे अभिनेत्री म्हणून प्रसिद्धीस आलेल्या तरुणीचे व्हायोलिन, यांनी वादनात एक विरळ, पोकळ जागा निर्माण केली आहे. आवाजांवर यंत्राने प्रतिध्वनी चढविला आहे. शब्द उच्चारला जातो, त्याची छाया मागे राहते, आणि त्या छायेवरच पुढचा शब्द पडतो. हा प्रतिध्वनी हौसेने चढविलेला अलंकार असेल असे प्रथम वाटते. पण थोड्या वेळाने लक्षात येते की, ओळींमधल्या मोकळ्या जागा भरण्याचे काम तोच करीत आहे; चौथा चरण अपुरा राहिला तरी तो अपुरा भासत नाही.

या पोकळीत दोन आवाज फिरतात. के-रॉब त्या वेळी किशोरवयीन होता. त्याचा आवाज उंच, स्पष्ट आणि घाईचा आहे. तो घरी परतणाऱ्या शाळकरी मुलाच्या भूमिकेतून बोलतो. रस्त्यावर दिसणारे दैन्य, व्यसन आणि मोह यांची यादी करतो, स्वतःला आणि इतरांना सन्मार्ग सांगतो. रॅमेल्झी कोपऱ्यावर उभ्या असलेल्या दलालाच्या भूमिकेत शिरतो. त्याचा आवाज नाकातून येतो. बदकाच्या ओरडण्याची आठवण देणारा, चिरका, मुद्दाम बिघडविलेला. या आवाजाचे वळण पुढच्या पिढीतील एकदोन गाजलेल्या गायकवृंदांनी उचलले, असे जाणकार मानतात. त्याच्या बोलण्यात प्रसंग नाही, उपदेश नाही, धड गोष्टही नाही. फुशारकी, धमकी, अर्थ आणि निरर्थ यांच्या सीमेवरचे शब्द, अशी ती मिरवणूक आहे.

बा. सी. मर्ढेकरांनी लयीची संवाद, विरोध आणि समतोल अशी तीन तत्त्वे सांगितली. त्यांपैकी विरोधलयीचे इतके उघडे उदाहरण सहसा आढळणार नाही. पंडवाणीतील गायिका आणि रागी यांचे नाते संवादाचे आहे; रागीचा हुंकार कथेला पुढे ढकलतो. आपल्याकडील कलगी-तुऱ्याच्या सवाल-जबाबात विरोध आहे, पण तो प्रश्न आणि उत्तर यांच्या चौकटीत बांधलेला आहे, आणि उत्तर मिळताच मिटतो. ‘बीट बॉप’मधील दोघे एकमेकांना उत्तर देत नाहीत. मुलाला दलाल दिसतो की नाही, दलालाने मुलाला हाक मारली की नाही, हेही निश्चित सांगता येत नाही. दोघे एकाच रस्त्याने, एकमेकांना न ओलांडता चालत राहतात. के-रॉबचा उपदेश एकटा ऐकला असता तो कोणत्याही शाळेच्या भिंतीवर शोभेल इतका सरळ आहे. रॅमेल्झीची बडबड एकटी ऐकली असता काही वेळाने कंटाळा आणील. शेजारी ठेवल्यावर मात्र उपदेशाला भीतीचा कंप प्राप्त होतो आणि बडबडीला मोहाचे वजन येते. हे सर्व मांडणीतून घडते. कोणाच्याही कबुलीजबाबातून घडत नाही.

या मांडणीमागील हकीकत रॅमेल्झीने पुढे स्वतः सांगितली आहे. बास्कियाने या पद्यासाठी ओळी लिहून आणल्या होत्या. त्या वाचून दोघांनी कागद चुरगाळला आणि त्याच्याकडे परत फेकला. मग दोघे दोन वेगवेगळ्या मुद्रणकक्षांत गेले. एकाने दलाल व्हायचे, दुसऱ्याने शाळकरी मुलगा, एवढेच ठरले होते. हकीकतीत सांगणाऱ्याची थोडी बढाई असेल, परंतु तबकडीची घडण तिला दुजोरा देते: दोन भिंतींआडून आलेले हे आवाज आहेत, आणि भिंत ऐकू येते. महत्त्वाची गोष्ट अशी की, ज्याने खर्च केला, ज्याचे नाव तेव्हाच गाजू लागले होते, त्या निर्मात्याचे शब्द या दोघांनी नाकारले. आपल्याविषयी दुसऱ्याने, मग तो मित्र का असेना, लिहून आणलेले बोलायचे नाही, हा या पद्याचा पहिला निर्णय होता.

बास्कियाचे बालपण या ठिकाणी टाळता येणार नाही. कारण चरित्र कोठे उपयोगी पडते आणि कोठे पडत नाही याचा विवेक त्याच्यामुळेच स्पष्ट होतो. डिसेंबर १९६० मध्ये ब्रुकलिन येथे तो जन्मला. वडील हैतीचे, आईचे घराणे प्वेर्तो रिकोचे. सातव्या वर्षी रस्त्यावर खेळताना त्याला मोटारीची धडक बसली आणि त्याची प्लीहा काढावी लागली. रुग्णालयात पडून असताना आईने त्याला ग्रे यांचा शरीरशास्त्राचा प्रसिद्ध ग्रंथ आणून दिला. आईवडील विभक्त झाले. आईला मनोरुग्णालयात ठेवण्याची वेळ वारंवार आली. पौगंडावस्थेत तो घर सोडून पळाला, काही काळ सार्वजनिक उद्यानात झोपला, शाळा अर्धवट सुटली. अल डियाझच्या जोडीने ‘सॅमो’ या टोपणनावाने त्याने मॅनहॅटनच्या भिंतींवर वाक्ये लिहिली. पुढची कीर्ती आणि १९८८ साली अंमली पदार्थाच्या अतिसेवनाने सत्ताविसाव्या वर्षी आलेला मृत्यू सर्वश्रुत आहेत.

आता ‘बीट बॉप’चे वेष्टन पाहावे. काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या, ओरबाडल्यासारख्या रेषा, हाडांच्या आकृत्या, विस्कटलेले शब्द. रुग्णालयातील मुलगा आणि त्याच्या मांडीवरचा शरीरशास्त्राचा ग्रंथ ही हकीकत ठाऊक असलेल्याला ती हाडे अधिक बोलकी होतात, यात संशय नाही. बास्कियाने आपल्या वाद्यवृंदालाही याच ग्रंथावरून ‘ग्रे’ हे नाव दिले होते. येथे चरित्र कलाकृतीच्या आत शिरण्याची वाट दाखविते, कारण चित्रकाराने ती वाट स्वतः मोकळी ठेवलेली आहे. परंतु वेष्टनाला लागू पडणारे हे चरित्र आतल्या तबकडीला लागू पडत नाही. तेथे बास्कियाचा एकही शब्द नाही. असे असूनही या तबकडीवर जे लिहिले जाते त्यातील बहुतेक लेखन वेष्टनापाशीच रेंगाळते. संग्राहक तिच्यासाठी मोठी किंमत मोजतात ती मुख्यतः चित्राची. ज्या चित्रकाराचे १९८२ सालचे एक चित्र २०१७ मध्ये ११ कोटी ५ लक्ष डॉलरांना विकले गेले, त्याचे हस्तचिन्ह असलेला कागद म्हणून ती जपली जाते. अशा संग्राहकाने आतली तबकडी कितीदा वाजविली असेल, हा प्रश्न थोडा खवचट आहे, पण अनाठायी नाही.

आणि रॅमेल्झी? तो १९६० साली जन्मला आणि न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातील फार रॉकअवे या समुद्राकाठच्या टोकाला वाढला. शहराच्या आगगाडीचा एक मार्ग जेथे संपतो ती ही जागा. आणि त्या मार्गावरील डब्यांवर रंगाने अक्षरे काढीतच त्याचे शिक्षण झाले. १९७९ साली त्याने कायदेशीर रीतीने नाव बदलले. आधीचे नाव त्याने हयातभर लोकांपासून लपविले. नवे नाव हे नाव नसून समीकरण आहे, असे तो सांगे, आणि ते तसेच लिही: रोमन अक्षरांत बेरजेचे सिग्मा चिन्ह घालून, मध्ये विसर्गासारखी टिंबे देऊन. प्रत्येक अक्षराला त्याने एक राशी वा दिशा नेमून दिली होती. मुखवटे आणि टाकाऊ वस्तूंतून बनविलेली अवजड चिलखते घालूनच तो पुढे लोकांसमोर येऊ लागला. २०१० साली तो वारला.

खडतर बालपणाचा शोध घेत आलेल्या टीकाकाराला येथे कुलूपबंद दार भेटते. गरिबांसाठी बांधलेल्या वसाहती, आगगाडीचे आगार, पोलिसांचा पाठलाग या साऱ्या गोष्टी त्याच्या भोवती होत्या. त्यांतून करुण कहाणी रचणे त्याला सहज शक्य होते, आणि त्या कहाणीला गिऱ्हाईकही होते. त्याने ती रचली नाही. तिच्याऐवजी त्याने एक सिद्धांत रचला. मध्ययुगीन युरोपातील मठवासी लेखनिकांनी अक्षरे इतकी नटविली की ती धर्मसत्तेला वाचता येईनात. तेव्हा सत्तेने अक्षरांना पुन्हा कैदेत टाकले. आणि आगगाडीच्या डब्यांवर लिहिणारी मुले त्या अक्षरांना शस्त्रे देऊन सोडवीत आहेत, असा तो सिद्धांत. त्याला त्याने ‘गॉथिक फ्यूचरिझम’ म्हटले. इतिहास म्हणून त्याची किंमत फारशी नाही. काव्यशास्त्र म्हणून मात्र तो ‘बीट बॉप’ समजण्यास बास्कियाच्या चरित्रापेक्षा अधिक उपयोगी आहे. शब्द अर्थाच्या सेवेतून सुटावा, त्याचा ध्वनी हेच त्याचे हत्यार व्हावे, ही त्या नाकातल्या आवाजामागची भूमिका त्यातून कळते. आपल्या भाषांत ज्याला लिपीतील चिन्ह म्हणतात त्यालाच अविनाशी म्हणतात. ‘अक्षर’ हा शब्द या माणसाच्या हाती लागता तर त्याने त्याचे काय केले असते, याची कल्पना करमणुकीची आहे.

कोणी विचारील की, वंचिताने आपले दुःख सांगावे हे अयोग्य आहे काय? तसे म्हणण्याचा येथे हेतू नाही. ‘बलुतं’सारखे आत्मकथन दुःख सांगते आणि त्या सांगण्यातूनच आपला घाट मिळविते. आक्षेप आहे तो कवितेलाही आत्मकथनाचे परिशिष्ट करून टाकणाऱ्या वाचनावर. १९७२ साली नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ निघाला तेव्हा त्याला विजय तेंडुलकरांची प्रस्तावना होती. कवीबरोबर त्या वस्तीत हिंडून, अपरिचित शब्दांचे अर्थ विचारून तेंडुलकरांनी ती लिहिली, आणि तिच्यात आपले अनभिज्ञपण त्यांनी लपविले नाही, हा तिचा प्रामाणिकपणा. पण पुढील वाचकांनी ती वाट इतकी मळविली की, ‘गोलपिठा’ वाचणे म्हणजे एका अपरिचित वस्तीची सफर करून येणे, असा समज दृढ झाला. शिवी कोठे येते याची नोंद झाली. ती ओळीत कोठे आणि कोणत्या वेगाने येते याची फारशी झाली नाही. ढसाळांच्या पद्यातील याद्यांचा रेटा आणि मध्येच येणारी संस्कृतप्रचुर उंची यांचा लयविचार त्यांच्या कीर्तीच्या मानाने तोकडाच राहिला. वामनदादा कर्डकांच्या बाबतीतही हेच. ते प्रौढपणी अक्षरे शिकले, हे प्रत्येक परिचयात येते. पण अक्षरओळख नसलेल्या कानाने घडविलेली त्यांच्या गीतांची यमकरचना साक्षर कवीच्या यमकरचनेहून कोठे निराळी पडते, हे परिचय सांगत नाही. अगदी अलीकडे, २०२३ साली, महाराष्ट्रात राजकीय आशयाचे रॅप म्हणणाऱ्या दोन तरुणांवर गुन्हे नोंदविले गेले. वृत्तपत्रांत चर्चा झाली ती कायद्याची आणि पक्षांची. ती योग्यच होती. त्या रचना पद्य म्हणून बऱ्या की वाईट, हे मात्र कोणाला विचारावेसेच वाटले नाही. आणि जे पद्य म्हणून तपासले जात नाही त्याचा बचावही केवळ दयेच्या भाषेत करावा लागतो.

‘बीट बॉप’ निर्दोष आहे असे नाही. दहा मिनिटे ही तिच्या आशयाला मोठी पडतात. उत्तरार्धात रॅमेल्झीचे शब्दध्वनी स्वतःचीच नक्कल करू लागतात, आणि के-रॉबच्या उपदेशात तीच वळणे पुन्हा येतात. प्रतिध्वनीचा उपयोग आरंभी जितका अर्थपूर्ण वाटतो तितका अखेरपर्यंत राहत नाही. सातव्या-आठव्या मिनिटाला तो सवयीचा होतो. तत्काळ रचनेचा हा धोकाच आहे, आणि रात्रभर चालणाऱ्या पंडवाणीतही तो जाणवतो. तथापि पंडवाणीजवळ कथेचा आधार असतो. गायिका थकली तरी भीम थकत नाही, आणि तंबुरा पुन्हा त्याची गदा होऊन उठतो. या दोन तरुणांजवळ असा कोणताही वारसा नव्हता. दहा वर्षांच्या आतबाहेरचा एक काव्यप्रकार, दोन बंद खोल्या, आणि चुरगाळून फेकलेला एक कागद, एवढ्यावर त्यांनी जे उभे केले त्याचा पूर्वार्ध तरी पुन्हा पुन्हा ऐकण्याजोगा आहे.

या पद्याचा मराठी अनुवाद करावा काय, हा प्रश्न अखेरीस उरतो, आणि तो वाटतो तितका गौण नाही. माधवराव सप्रे यांनी ‘दासबोध’ आणि ‘गीतारहस्य’ हिंदीत नेले ते रायपूरच्या परिसरातूनच. एका भाषेचा तोल दुसरीत सांभाळण्याची परंपरा येथे जुनी आहे. के-रॉबचा भाग मराठीत येऊ शकेल. त्याला ओवीची सैल चौकट देता येईल, आणि शाळकरी मुलाची घाई तीन यमकांच्या धावेत बसेल. रॅमेल्झीचा भाग मात्र अनुवादकाला चकवितो. अर्थ आणावा तर हाती काहीच येत नाही. ध्वनी आणावा तर मराठी अनुनासिकांनी त्याचा विनोद होण्याची भीती आहे. छत्तीसगढीत कदाचित अधिक बरे साधेल, कारण त्या बोलीत नाकातून बोलण्याला हास्यास्पदतेचा डाग तितका लागलेला नाही, आणि रागीच्या हुंकाराने एरवीच निरर्थ ध्वनीला मान मिळालेला आहे. तबकडीच्या दुसऱ्या बाजूस शब्दांवाचूनचे वादन आहेच. असा अनुवाद कोणी केलाच, तर तो आधी त्या बाजूवर म्हणून पाहावा आणि मग कागदावर उतरवावा.